काचीगुड्याचे रहीम मास्तर आणि आपलं जुनं हैदराबाद



आपण हैदराबादची मराठी माणसं एकत्र आलो की विवेक वर्धिनीच्या आठवणी निघतात. बडी चावडीच्या, सुलतान बाजारच्या, काचीगुडा स्टेशनच्या आणि मनमाडच्या मीटरगेज गाडीच्या गोष्टी निघतात. आज मला काचीगुड्यातल्याच एका माणसाबद्दल लिहायचंय. आपल्या बहुतेक घरांत त्यांचं नाव कधी निघत नाही. ते मराठी नव्हते. उर्दू बोलणारे, उस्मानियातून बी.ए. झालेले, शाळेत शिकवणारे साधे मास्तर होते. नाव सय्यद अब्दुल रहीम.

१९५१ आणि १९६२ या दोन आशियाई स्पर्धांत भारताने फुटबॉलचं सुवर्णपदक जिंकलं. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. या तिन्ही वेळा संघाचे प्रशिक्षक रहीमसाहेबच होते. त्यांच्या आधी असं कुणी केलं नव्हतं, त्यांच्यानंतर आजपर्यंत कुणाला जमलेलं नाही. २०२४ मध्ये अजय देवगणचा ‘मैदान’ आला तेव्हा आपल्या घरातल्या तरुण मंडळींना हे नाव पहिल्यांदा कळलं. सिनेमा बघून बऱ्याच जणांनी विचारलं, हे खरंच आपल्या हैदराबादचे होते? होय, आपलेच. आणि ‘आपले’ हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. का, ते पुढे सांगतो.

रहीमसाहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ चा, हैदराबादचा. मुसीचा तो भयंकर महापूर १९०८ च्या सप्टेंबरात आला होता. म्हणजे पुराला वर्ष होत आलं होतं आणि शहर नव्याने उभं राहत होतं. पुढच्या बारा-पंधरा वर्षांत मुसीच्या काठावर हायकोर्टाची इमारत आली आणि तिच्या शेजारी सिटी कॉलेजची. अफझलगंजाकडून पूल ओलांडताना आजही दोन्ही दिसतात.

याच सिटी कॉलेजच्या आजी-माजी विद्यार्थ्यांचा एक फुटबॉल संघ होता, ‘इलेव्हन हंटर्स’ नावाचा. १९२७ ते १९३१ या काळात रहीम त्या संघातून खेळले. उस्मानिया विद्यापीठाच्या संघातही ते होते आणि शहरातल्या लीगमध्ये ‘कमर क्लब’कडून खेळत. लीगमधल्या उत्तम खेळाडूंत त्यांची गणना व्हायची.

तेव्हाच्या हैदराबादेत फुटबॉल कुठून आला, हेही थोडं सांगायला हवं. सिकंदराबाद, बोलारम, तिरमलगिरी या छावण्यांत गोऱ्या पलटणींचे संघ असत. शहरात कॉलेजं आणि शाळा होत्या. आणि तिसरी जागा म्हणजे पोलीस. चांगल्या खेळाडूला पोलिसात नोकरी मिळायची, त्यामुळे गरीब घरातल्या मुलाला खेळ आणि पोट दोन्ही सांभाळता यायचं. छावणी, शाळा आणि पोलीस लाइन या तीन ठिकाणी हैदराबादचा फुटबॉल वाढला. रहीमसाहेब त्यातले शाळेकडून आलेले.

शिक्षण झाल्यावर त्यांनी शिक्षकी पेशा धरला. काचीगुडा मिडल स्कूल, उर्दू शरीफ स्कूल, दारुल उलूम हायस्कूल आणि चादरघाट हायस्कूल अशा शाळांमधून त्यांनी शिकवलं. पुढे शारीरिक शिक्षणाचा डिप्लोमा केला आणि शेवटच्या दोन शाळांत खेळांची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

काचीगुडा आणि चादरघाट ही नावं वाचून तुमच्या मनात काय आलं असेल याची मला कल्पना आहे. मराठवाड्यातून नोकरीधंद्याला, शिक्षणाला, वकिलीला आलेली आपली कितीतरी घरं याच भागात वसली. मनमाडकडून येणारी गाडी काचीगुड्याला उतरवायची आणि माणसं तिथेच आजूबाजूला बिऱ्हाड करायची. मग कुणी तिथल्या शाळेत शिकलं, कुणी समोरच्या मैदानात खेळलं. या गल्ल्या आपल्या होत्या तशाच रहीम मास्तरांच्याही होत्या.

रहीमसाहेबांबद्दल लिहिणारे बहुधा त्यांच्या डावपेचांबद्दल लिहितात. मला मात्र त्यांचं मास्तर असणं जास्त महत्त्वाचं वाटतं. वर्गात चाळीस मुलं असतात. एकाला लगेच कळतं, एकाला दहादा सांगावं लागतं, एक हुशार पण आगाऊ असतो. मास्तर चांगला असला तर सगळ्यांना एकच धडा एकाच पद्धतीने शिकवत नाही. आधी अडतंय कुठे ते शोधतो आणि तेवढ्यापुरता वेगळा सराव देतो. रहीमसाहेबांनी मैदानात हेच केलं.

१९४३ पासून ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव होते आणि मरेपर्यंत त्या कामात राहिले. सचिव म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर फायली आणि हारतुरे येतात. यांनी त्या जागेवर बसून वेगळंच काही केलं. हैदराबादच्या मुलांच्या पायात कौशल्य भरपूर. चेंडू मिळाला की एकाला चकव, दुसऱ्याला चकव, लोकांच्या टाळ्या घे, असा खेळ. बघायला मजा येते, पण तेवढ्यात समोरचा संघ सावरून उभा राहतो. रहीमसाहेबांनी चक्क अशा स्पर्धा भरवल्या की ज्यात ड्रिबलिंगला बंदी! चेंडू आला की पास द्यायचा, बस्स. आता विचार करा, पास लगेच द्यायचा असेल तर चेंडू यायच्या आधीच मान वर करून आपला माणूस कुठे आहे ते बघून ठेवावं लागतं. म्हणजे डोकं पायाच्या आधी चालवावं लागतं. हे भाषण देऊन कुणाला शिकवता येत नाही. नियमच तसा केला की मुलं आपोआप शिकतात.

तसंच दुसरं. उजव्या पायाचा खेळाडू डाव्या पायाने चेंडू मारायला कचरतो. तर कमकुवत पायानेच खेळायच्या स्पर्धा. लहान चणीची मुलं धिप्पाड मुलांपुढे दबून जातात, म्हणून उंचीप्रमाणे गट पाडून स्पर्धा. आज हे कुठल्या महागड्या अकादमीत शिकवलं तर आपण कौतुकाने फी भरू. हैदराबादेत ऐंशी-पाऊणशे वर्षांपूर्वी एका शाळामास्तरने हे मातीच्या मैदानात, बिनपैशाच्या मुलांसाठी केलं.

आता १९४८ कडे येऊ. तो विषय आपल्या घरांमध्ये अजूनही हळू आवाजात बोलला जातो. रझाकारांचे दिवस, घाईघाईने बांधलेली बोचकी, सोलापूर-नागपूरकडे पाठवलेली बायकामुलं, आणि मग सप्टेंबरातली पोलीस कारवाई. १७ सप्टेंबरला संस्थान भारतात आलं. आपल्याकडे सुटकेचा श्वास होता. मराठवाड्यात तो दिवस आजही मुक्तिदिन म्हणून साजरा होतो. पण त्याच दिवसांत इथल्या कितीतरी साध्या मुसलमान घरांत उद्याची धास्ती होती, तीसुद्धा खरी होती. शेजारी शेजाऱ्याकडे कसं बघणार, हा प्रश्न गल्लोगल्ली होता.

या पार्श्वभूमीवर १९५० साल बघा. पोलीस कारवाईला जेमतेम दोन वर्षं झालेली. हैदराबादच्या या मास्तरांकडे त्या वर्षी दोन कामं आली, हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ आणि भारताचा राष्ट्रीय संघ. दिल्लीत ड्युरंड कप महायुद्धापासून बंद होता, तो १९५० मध्ये पुन्हा सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी हैदराबाद पोलिसांनी मोहन बागानला हरवून तो जिंकला. त्याच वर्षी मुंबईच्या कूपरेजवर त्यांनी रोव्हर्स कप घेतला. मग १९५१, ५२, ५३ आणि ५४ सालीही घेतला. रोव्हर्स कप १८९१ पासूनचा, पण सलग पाच वर्षं तो कुणाला जिंकता आला नव्हता.

मुंबईकर मराठी प्रेक्षकांनी त्या पाच वर्षांत हैदराबाद पोलिसांवर फार प्रेम केलं, असं जुन्या लिखाणांतून दिसतं. मला त्यातली एक गोष्ट मोलाची वाटते. १९४८ पर्यंत ‘हैदराबादचा पोलीस’ या शब्दांना मराठी मुलखात काय अर्थ होता ते मी सांगायला नको. १९५० नंतर कूपरेजवर तेच शब्द छोटे पास, दम आणि शिस्त यांच्यासाठी घेतले जाऊ लागले. एका शब्दाचा अर्थ असा दोन-चार वर्षांत बदलणं ही छोटी गोष्ट नाही, आणि ते सरकारी फतव्याने झालेलं नव्हतं.

१९५१ मध्ये दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धा झाल्या. भारताने इंडोनेशियाला ३-० ने, अफगाणिस्तानला ३-० ने हरवलं आणि अंतिम सामन्यात इराणवर १-० असा विजय मिळवला. गोल साहू मेवालालचा, कप्तान शैलेन मन्ना. देश नवा होता आणि हे त्याचं फुटबॉलमधलं पहिलं मोठं पदक.

पुढच्याच वर्षी जमिनीवर आपटलो. १९५२, हेलसिंकी ऑलिंपिक. समोर युगोस्लाव्हिया. निकाल १०-१. होय, दहा गोल खाल्ले. आपले बरेच खेळाडू तोवर अनवाणी खेळत, नुसत्या पट्ट्या बांधून. शिवाय त्या काळी आपल्याकडचे सामने सत्तर मिनिटांचे असत. ज्या संघाला सत्तर मिनिटांची सवय, त्याला नव्वद मिनिटं युरोपी संघासमोर पळायला लागलं. आणि बचावाची जुनी पद्धत, मागे फक्त दोन बॅक ठेवायची, ती अशा संघांपुढे उघडी पडत होती.

दुसरा कुणी असता तर नशिबाला, हवेला, पंचांना बोल लावून मोकळा झाला असता. मास्तरांनी चुकलेली उत्तरपत्रिका तपासावी तसा तो पराभव तपासला. हेलसिंकीनंतर बूट घालणं सक्तीचं झालं. दोन बॅकची पद्धत मागे पडून तीन बॅक आले. १९५३ मध्ये हंगेरीने इंग्लंडला त्यांच्याच घरी ६-३ ने हरवलं आणि सगळ्या जगाने त्या हंगेरीचा मागे सरकून खेळणारा सेंटर फॉरवर्ड पाहिला. रहीमसाहेबांनी ती गोष्ट उचलली आणि आपल्या मुलांना झेपेल अशी करून शिकवली. पाठ केलेलं आणि समजून घेतलेलं यात काय फरक असतो ते शिक्षकाला माहीत असतं.

मग आलं १९५६. हे वर्ष आपल्या सगळ्यांच्या घरात वेगळ्याच कारणासाठी लक्षात आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली आणि हैदराबाद राज्य नकाशावरून गेलं. मराठवाड्याचे जिल्हे मुंबई राज्यात गेले. गुलबर्गा, बिदर, रायचूर म्हैसूरकडे. तेलंगण आंध्रला जोडलं गेलं. आपल्यापैकी जी घरं हैदराबादेत राहिली, ती एका रात्रीत ‘बाहेरगावची’ झाली. गाव तेच, घर तेच, गल्ली तीच, पण सातबारा एका राज्यात आणि रेशनकार्ड दुसऱ्या राज्यात. औरंगाबाद-नांदेडला राहणारे भाऊ आता परराज्यातले. शाळेचं माध्यम, नोकरीची भाषा, मुलांचं पुढे काय, हे सगळे प्रश्न त्याच महिन्यात सुरू झाले. काही आजही संपलेले नाहीत.

नेमक्या त्याच नोव्हेंबरात मेलबर्न ऑलिंपिक सुरू झालं. हंगेरीने माघार घेतल्यामुळे पहिली फेरी भारताला चाल मिळाली. १ डिसेंबरला, म्हणजे आपलं राज्य गेल्याला बरोबर एक महिना झाला त्या दिवशी, भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवलं. नेव्हिल डिसूझाने तीन गोल केले. मूळचा गोव्याचा आणि मुंबईच्या मैदानांतला हा खेळाडू ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई ठरला. संघाचा कप्तान होता बंगालचा समर बॅनर्जी, म्हणजे बद्रूदा. आणि हैदराबादचे किती जण होते! अझीझुद्दीन, नूर महंमद, झुल्फिकारुद्दीन, अहमद हुसेन, सिकंदराबादचा तुलसीदास बलराम. बलराम तमिळ घरातला, अम्मुगुड्याच्या गरीब वस्तीतून आलेला.

उपांत्य सामन्यात पुन्हा तोच युगोस्लाव्हिया. मध्यंतरापर्यंत गोलफलक कोरा होता. नंतर नेव्हिलने गोल केला आणि भारत १-० ने पुढे गेला. शेवटी ४-१ ने हरलो, कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० ने हरवलं. पण चार वर्षांपूर्वी ज्यांच्याकडून दहा गोल खाल्ले, त्यांना आपण ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात काही मिनिटं तरी मागे टाकलं होतं. स्पर्धेनंतर सिडनीत ऑस्ट्रेलियाशी पुन्हा सामना झाला, तो भारताने ७-१ ने जिंकला, म्हणजे पहिला विजय काही योगायोग नव्हता.

एक गंमत सांगतो. नकाशावरून हैदराबाद राज्य गेलं, तरी फुटबॉलमध्ये ‘हैदराबाद’ अजून होतं. संतोष ट्रॉफी १९५६-५७ आणि १९५७-५८ अशी सलग दोन वर्षं हैदराबादने जिंकली. दोन्ही अंतिम सामन्यांत समोर कोण होतं? मुंबई! आता त्या वेळच्या एखाद्या काचीगुड्यातल्या मराठी घराचा विचार करा. सगळा मराठवाडा आता मुंबई राज्यात, काका-मामा तिकडे, भाषा तिकडची. आणि मैदानात उतरलेला संघ मात्र आपल्या गल्लीतल्या मास्तरांचा. टाळ्या कुणासाठी वाजवायच्या? मला वाटतं, फार विचार न करता हैदराबादसाठीच वाजल्या असतील. भाषा आईची असते हे खरंच, पण मैदान तर ज्या गावात वाढलो त्या गावाचं असतं.

१९६० ला रोम. गट महाकठीण, हंगेरी, फ्रान्स आणि पेरू. हंगेरीशी १-२ अशी हार झाली, गोल बलरामचा. हंगेरीने त्या स्पर्धेत पुढे कांस्यपदक घेतलं. फ्रान्सशी १-१ बरोबरी, गोल कप्तान पी. के. बॅनर्जीचा. पेरूकडून १-३ हरलो आणि घरी परतलो. या संघात रहीमसाहेबांचा स्वतःचा मुलगा सय्यद शाहिद हकीम होता. त्याला रोममध्ये एकही सामना खेळायला मिळाला नाही. प्रशिक्षक बाप असून! आजच्या काळात ही गोष्ट वाचताना दोनदा वाचावीशी वाटते. हकीम पुढे हवाई दलात अधिकारी झाले, आंतरराष्ट्रीय पंच झाले, २०१७ मध्ये त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. २०२१ मध्ये ते गुलबर्ग्यात वारले. तेही जुन्या हैदराबाद राज्यातलंच गाव.

आणि आता १९६२ चं जकार्ता. ही गोष्ट आपल्या मुलांना सांगावी अशी आहे.

रहीमसाहेब तोवर आजारी होते. त्यांना फुप्फुसाचा कर्करोग होता. सिगारेटी ते फार ओढत. त्या अवस्थेत ते संघ घेऊन गेले. पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून २-० ने हरले. मग थायलंडला ४-१ ने हरवलं, पण त्या सामन्यात बचावाचा आधारस्तंभ जर्नेलसिंगचं डोकं फुटलं, टाके घालावे लागले. जपानला २-० ने हरवलं. उपांत्य सामना दक्षिण व्हिएतनामशी.

डोक्याला टाके असलेला बचावपटू मागे ठेवला तर उंचावरचे चेंडू डोक्याने अडवायची त्याला अडचण. बाहेर बसवला तर त्याची ताकद आणि धाक फुकट. मास्तरांनी काय करावं? त्याला पुढे, सेंटर फॉरवर्डला नेलं! मागची जागा अरुण घोषने सांभाळली. व्हिएतनामविरुद्ध ३-२ ने जिंकलो आणि त्यात एक गोल जर्नेलचा.

अंतिम सामना ४ सप्टेंबर १९६२ ला, पुन्हा दक्षिण कोरियाशी. जकार्तातलं वातावरण आपल्या विरोधात पेटलेलं होतं. इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिलं नव्हतं, त्यावर भारतीय क्रीडा पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतला होता. त्याचा राग भारतीय खेळाडूंवर निघत होता. भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला. स्टेडियममध्ये सुमारे लाखभर लोक आणि जवळपास सगळे आपल्या विरोधात ओरडणारे. पाकिस्तानचा हॉकी संघ तेवढा आपल्या बाजूने ओरडत होता, अशी आठवण आपल्या खेळाडूंनी पुढे सांगितली.

आदल्या दिवशी रहीमसाहेबांनी मुलांकडे एक भेट मागितली, असं त्यांचे खेळाडू आयुष्यभर सांगत राहिले. भेट म्हणजे सोन्याचं पदक. मुलांनी ती दिली. पी. के. बॅनर्जीने पहिला गोल केला, काही मिनिटांत जर्नेलने दुसरा. गोलात पीटर थंगराज उभा होता, नुकताच तापातून उठलेला. त्रिलोकसिंग पायाला दुखापत असताना खेळला. कोरियाने शेवटी शेवटी एक गोल फेडला, पण सामना आपण २-१ ने जिंकला.

त्या अकरा जणांची नावं वाचली तर अख्खा देश दिसतो. चुनी गोस्वामी कप्तान, पी. के., अरुण घोष, प्रशांत सिन्हा, जर्नेल, त्रिलोक, थंगराज, केरळचा चंद्रशेखर, हैदराबादचे युसुफ खान आणि बलराम, आणि मूळचा गोव्याचा फोर्च्युनातो फ्रँको. गोवा मुक्त होऊन तेव्हा नऊ महिनेही झाले नव्हते. आपल्या गोव्याच्या मंडळींनी हे जरूर लक्षात ठेवावं.

११ जून १९६३ ला रहीमसाहेब गेले. वय ५३. जकार्ताला वर्षही झालं नव्हतं.

त्यानंतर भारताला फुटबॉलमध्ये आशियाई सुवर्ण पुन्हा मिळालं नाही. १९७० ला बँकॉकमध्ये कांस्य मिळालं, त्यानंतर तेही नाही. ऑलिंपिकला तर १९६० नंतर आपला संघ पोचलाच नाही. आणि हैदराबादचा फुटबॉल हळूहळू आटत गेला. एका माणसामुळे सगळं होतं आणि तो गेल्यामुळे सगळं संपलं, असं म्हणणं सोपं असलं तरी ते पुरेसं नाही. मैदानं गेली, क्रिकेट आलं, पोलिसातल्या नोकऱ्यांचं गणित बदललं. पण एक गोष्ट मला खटकते. खेळाडू घडवण्याची जी पद्धत त्यांनी बसवली होती, त्या वेगवेगळ्या नियमांच्या स्पर्धा, ती लहान मुलांपासूनची तयारी, ती टिकायला हवी होती. शाळा चांगली असेल तर हेडमास्तर निवृत्त झाल्यावरही चालते. इथे मास्तर गेले आणि शाळाही मिटली.

मग इतका मोठा माणूस आपण विसरलो कसे? माझं उत्तर असं आहे. आपल्या देशात आठवणी सांभाळायचं काम बरेचदा राज्य आणि भाषा करतात. बंगालचा खेळाडू बंगाल सांभाळतो, पंजाबचा पंजाब. रहीमसाहेब ज्या राज्याचे होते ते राज्यच १९५६ ला उरलं नाही. चार भाषांचं ते हैदराबाद तीन राज्यांत वाटलं गेलं, आणि वाटणीत जशी जुनी भांडी कुणाच्याच वाट्याला येत नाहीत, तशा काही आठवणी मध्येच राहिल्या. क्रीडाप्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला तोच १९८५ मध्ये, ते जाऊन बावीस वर्षं झाल्यावर.

आणि हे आपल्याला लागू पडतं, मंडळी. आपणही त्याच वाटणीत मध्ये राहिलेली माणसं आहोत. महाराष्ट्रात गेलो की आपल्या मराठीतला ‘हौ’ आणि ‘नक्को’ ऐकून लोक हसतात, इथे आपण ‘मराठीवाले’. आपल्या आजोबा-पणजोबांचं हैदराबाद कुठल्याच राज्याच्या पाठ्यपुस्तकात नीट सापडत नाही. तो इतिहास आपण लिहायचा तर त्यात फक्त आपली नाटकं, आपले गणपती, आपल्या शाळा घेऊन चालणार नाही. ज्या गल्लीत आपण राहिलो, त्या गल्लीतले मास्तरही त्यात यायला हवेत. म्हणून मी सुरुवातीला ‘आपले’ म्हणालो. रहीमसाहेबांना आपलं म्हणायला त्यांनी मराठी असायची गरज नाही. आपण हैदराबादचे आहोत, तेवढं पुरे.

कुणाच्या घरात काचीगुडा किंवा चादरघाटच्या शाळेत शिकलेले आजोबा, काका असतील तर त्यांच्याकडे चौकशी करा. रहीम मास्तरांच्या हाताखाली कुणी खेळलं असेल, कुणी त्यांना मैदानाच्या कडेला उभं पाहिलं असेल, कुणाच्या जुन्या ट्रंकेत शाळेच्या संघाचा गटफोटो असेल. जे असेल ते इथे लिहा, फोटो टाका, तारीख आठवली तर तारीख टाका. ज्यांनी त्यांना पाहिलं त्या पिढीतले आता फार थोडे उरलेत. विचारायचं राहून गेलं असं पुढे म्हणायची वेळ आपल्यावर येऊ नये.